विधिमंडळातील डॉ. आंबेडकर: आरोग्य आणि गावकारभारावरील भाषणे कशी वाचावीत?

जुनीपाने (प्रश्न)

नमस्कार. आमच्या तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयाने ‘विधिमंडळातील डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ या विषयावर मला चाळीस मिनिटे बोलायला सांगितले आहे. घटनासमितीतील कामावर पुष्कळ बोलले जाते, म्हणून मी मुंबई कायदे कौन्सिल आणि १९३७ नंतरची विधानसभा एवढाच काळ, आणि त्यातही लोकांचे आरोग्य व गावचा कारभार हे दोनच विषय घ्यायचे ठरवले आहे. राज्य शासनाच्या इंग्रजी ग्रंथमालेचा दुसरा खंड समोर आहे. वाचताना काही ठिकाणी अडलो.

पहिली अडचण संततिनियमनाच्या ठरावाची. त्या खंडात १० नोव्हेंबर १९३८ चे भाषण आहे, पण ते बाबासाहेबांनी सभागृहात केले की नाही, याबद्दल दोन जाणकारांनी मला दोन उत्तरे दिली. दुसरी अडचण २८ जुलै १९२८ च्या प्रसूती लाभ विधेयकावरील भाषणाची: कामगार स्त्रीच्या बाळंतपणाचा खर्च सरकारने उचलावा असे त्यांचे म्हणणे होते की मालकाने? आणि तिसरे म्हणजे, आरोग्य आणि कारभार हे दोन विषय एका व्याख्यानात बसवणे ही माझीच ओढाताण तर नव्हे ना, अशी शंका येते.

सरळवाट

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. ठरावामागील विचार आणि भाषणाची तयारी बाबासाहेबांची. ते त्या दिवशी उपस्थित नसल्यामुळे सभागृहात तो मांडला त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे नगर जिल्ह्यातील आमदार प्रभाकर जनार्दन रोहम यांनी. त्यामुळे ‘बाबासाहेब विधानसभेत म्हणाले’ हे वाक्य, जे आपल्याला भ्रमणध्वनीवर दर एप्रिलमध्ये येते, ते काटेकोरपणे पाहता चूक आहे. व्याख्यानात रोहमांचे नाव अवश्य घ्यावे, कारण विधिमंडळाच्या कामात मजकूर एकाचा आणि उभे राहून बोलणी खाणारा दुसरा, असे नेहमीच घडते, आणि त्या दुसऱ्याला नंतर कोणी विचारत नाही.

ठराव ११ विरुद्ध ५२ मतांनी पडला. त्या भाषणातले सर्वांत धारदार वाक्य सगळ्यांना आठवते: प्रसूतीच्या वेदना पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या, तर एकाहून अधिक मूल कोणी पत्करले नसते, या आशयाचे. त्याच्या आगेमागे जो युक्तिवाद आहे तो मात्र कोणी वाचत नाही. वारंवारच्या बाळंतपणांनी खचलेली स्त्रीची प्रकृती, खाणारी तोंडे वाढल्याने घरात येणारे दारिद्र्य आणि नको असलेले गर्भारपण नाकारण्याचा तिचा हक्क, हे सारे तिथे सरकारच्या कर्तव्याच्या रूपात मांडले आहे. १९३४ मध्ये संततिनियमनाचे प्रचारक र. धों. कर्व्यांवर ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातील मजकुरासाठी अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनीच घेतले होते. खटला ते हरले. चार वर्षांनी हा ठराव आला, हा धागा आपल्या श्रोत्यांना नक्की आवडेल.

हिशेबनीस

प्रसूती लाभाबद्दल लिहितो, कारण माझा व्यवसाय पगारपत्रकांचा आहे आणि हा प्रश्न मला दर महिन्याला भेटतो.

सरकार की मालक, ही दोन्ही उत्तरे अर्धी बरोबर आहेत. प्रसूतीपूर्वी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे भाषणात प्रथम म्हटले आहे. लोकांच्या कल्याणाची जपणूक मुळात सरकारची जबाबदारी असल्यामुळे या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलला पाहिजे, हे आपल्याला मान्य आहे, असेही तिथे आहे. मात्र त्यामुळे मालक मोकळा सुटतो, हे त्यांना मान्य नाही. काही उद्योगांत पुरुषांऐवजी स्त्रिया कामावर ठेवल्या जातात, त्या मालकाला त्यात अधिक फायदा दिसतो म्हणून. तेव्हा त्या फायद्याबरोबर येणारा खर्चही त्याने काही प्रमाणात सोसावा, हे न्याय्य आहे, असा तो मुद्दा आहे. अर्थशास्त्राचा माणूस बोलतो आहे, हे इथे लगेच कळते. त्याआधी कामगार नेते ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात असेच विधेयक आणले होते आणि ते फेटाळले गेले होते.

१९२९ साली मुंबईचा कायदा झाला, पण त्यात भार मालकावरच पडला. पुढे १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने वर्गणीचा सामायिक निधी उभा केला, ही त्या मूळ कल्पनेच्या जवळ जाणारी वाट होती. या विमा योजनेत न येणाऱ्या आस्थापनांसाठी १९६१ चा कायदा आला. २०१७ मध्ये त्यातील रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली, आणि तिचा पगार पुन्हा एकट्या मालकाने द्यायचा आहे. मी ज्या लहान कारखान्याचे हिशेब पाहत होतो, तिथे मुलाखतीला आलेल्या मुलीला तिच्या कामाबद्दल दोन प्रश्न विचारले गेले आणि लग्नाबद्दल चार. तिच्या अर्जावर पेन्सिलीने ‘नंतर पाहू’ असा शेरा होता. १९२८ चे ते भाषण मी त्याच आठवड्यात पहिल्यांदा वाचले, म्हणून ते मला जुने वाटले नाही.

निवृत्त ग्रामसेवक

तिसऱ्या शंकेबद्दल: ओढाताण मुळीच नाही. सी. के. बोले यांनी ऑगस्ट १९२३ मध्ये कौन्सिलात मांडलेला ठराव पाहा. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असे त्यात म्हटले होते. आपण सारे पाणवठ्यापाशी थांबतो आणि दवाखाने विसरतो. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये या ठरावाप्रमाणे तळे खुले केल्याचे जाहीर केले, पण ते कागदावर. अंमल होत नाही म्हणून बोले यांनी १९२६ मध्ये, न ऐकणाऱ्या स्थानिक संस्थांचे अनुदान रोखावे, असा पुढचा ठराव आणला. तरीही पाण्याला हात लावण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी माणसांना तळ्यापर्यंत चालत जावे लागले.

या पार्श्वभूमीवर ६ ऑक्टोबर १९३२ चे ग्रामपंचायत विधेयकावरील भाषण वाचावे. दलितांसाठी राखीव जागा नसतील तर पंचायती आपल्याला मान्य नाहीत, केवळ प्रौढ मताधिकाराने भागणार नाही, कारण प्रत्येक गावात हा वर्ग अल्पसंख्य आहे, असे त्यांनी बजावले. पंचायतींना न्यायदानाचे अधिकार देण्यालाही त्यांचा कडक विरोध होता. राखीव जागा घटनेने बंधनकारक केल्या त्या १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७३ व्या दुरुस्तीने, म्हणजे साठ वर्षांनी.

मी स्वतः पाहिलेले सांगतो. नळयोजनेचा व्हॉल्व्ह कोणत्या वस्तीकडे आधी उघडायचा, हे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नसते. एका गावात पाणी शेवटच्या वस्तीला पोचेपर्यंत टाकी रिकामी होई, आणि पावसाळ्यात जुलाबाचे रुग्ण नेमके तिथलेच असत. राखीव जागेवर निवडून आलेल्या बाईंनी मासिक सभेत वेळापत्रक मागितले आणि ते इतिवृत्तात नोंदवायला लावले. सुधारणा लगेच झाली नाही, वर्षभर लागले.

उलटतपासणी

सर्वांचे म्हणणे मान्य करून एक काटेरी गोष्ट सुचवतो. काळाची चौकट थोडी ओलांडून दहावा खंड उघडावा. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील मजूर खात्याचे सदस्य या नात्याने बाबासाहेबांनी जुलै १९४३ मध्ये खाणींतील प्रसूती लाभाच्या कायद्यात दुरुस्ती मांडली, आणि त्याच वर्षी, युद्धकाळातील कोळशाच्या टंचाईमुळे, स्त्रियांच्या भूमिगत खाणकामावरील बंदी सरकारने उठवली. फेब्रुवारी १९४४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात त्यावर टीका झाली, तेव्हा निर्णयाचे समर्थन त्यांनाच करावे लागले. हा तात्पुरता उपाय आहे, आणि या कामात स्त्री-पुरुषांना समान कामाला समान वेतनाचे तत्त्व लावले आहे, असे त्यांनी सांगितले. बंदी १९४६ मध्ये पुन्हा लागू झाली. विरोधी बाकावर बसून मागणी करणे आणि सरकारात बसून नको असलेला निर्णय सावरणे, यांतला फरक लपवला तर व्याख्यान गोड होईल, पण अपुरे राहील.

जुनीपाने

सर्वांचे मनापासून आभार. रोहमांचे नाव आता पहिल्याच पानावर घेतो. उलटतपासणी यांनी सुचवलेली १९४४ ची चर्चा टाळण्याचा मोह झाला होता. पण तिला आता दहा मिनिटे देतो, आणि त्यासाठी १२ मार्च १९२७ च्या शिक्षण अनुदानावरील भाषणाचा भाग गाळतो. दरडोई १४ आणे शिक्षणावर आणि दोन रुपयांहून अधिक वसुली अबकारीतून, हा त्यातला हिशेब मला फार प्रिय आहे, पण चाळीस मिनिटांत सगळे मावत नाही. निवृत्त ग्रामसेवक, त्या इतिवृत्तातील नोंदीचा मजकूर आपल्याला आठवत असेल तर गावाचे नाव न घेता कळवावा. श्रोत्यांना तो जसाच्या तसा वाचून दाखवायची इच्छा आहे.

निवृत्त ग्रामसेवक

आठवतो, कारण तो मीच लिहिला होता. ‘सदर वस्तीस सकाळी सहा ते सात या वेळेत प्रथम पाणी सोडण्यात यावे, असे सर्वानुमते ठरले.’ ‘सर्वानुमते’ हा शब्द घालण्यावरून मात्र पाऊण तास वाद झाला होता.