मदत हवी आहे: घोडा फार ओढतो, कोणतं बिट (लगामाचं तोंडातलं लोखंड) घेऊ? (इंदूर)

खंडवारोडकर
नमस्कार मंडळी. घोडा भयंकर जोर करतो, उतरल्यावर चहाचा कपसुद्धा धरवत नाही. पेल्हम (हनुवटीखाली साखळी असलेलं बिट) घ्यावं की गॅग (ओठांचे कोपरे वर खेचणारं)? दुकानदार गॅग म्हणतो, शिकवणारे सरही गॅगच म्हणतात. शनिवारच्या आत ऑर्डर टाकायची आहे. "आधी चांगला ट्रेनर बघा" हे कृपया नको, ट्रेनर आहे. माप ५ इंच. पटकन सांगा.

पागेवाली
घोडा कोणता, वय काय, सध्या तोंडात काय आहे, ओढतो कधी? यातलं काहीच नाही. डॉक्टरकडे जाऊन "दुखतंय, गोळी कोणती?" असं विचारल्यासारखं झालं हे.

खंडवारोडकर
मारवाडी. सध्या साधं बिट आहे. ओढतो म्हणजे ओढतो, ताई. लगाम खेचला की आणखी पळतो.

माजी_स्वार_महू
पेल्हम घ्या, विषय संपला. माझी सगळी नोकरी घोड्यांत गेली. मारवाडी मुळातच मान उंच धरून चालतो. गॅग ओठांचे कोपरे वर खेचतं आणि त्याच वेळी कानांमागून खाली दाबतं. घोड्याने ऐकायचं कोणाचं? तो डोकं आणखी वर करतो आणि तुमच्या हातात काहीच उरत नाही. पेल्हमची साखळी मात्र पीळ काढून हनुवटीच्या खोबणीत सपाट बसवा. दांडी साधारण ४५ अंश फिरली की आवळली पाहिजे, त्याआधी नाही. आणि दोन लगाम लावा, एकावर भागवू नका.

बिनलोखंडी
तोंडात लोखंड घालायचंच कशाला? हॅकमोर लावा, नाकावर दाब देणारा लगाम. आमची घोडी चार वर्षं त्यावरच आहे, एका बोटावर थांबते.

पागेवाली
@बिनलोखंडी तुमची घोडी थांबते कारण ती थांबणारी आहे. लांब दांड्यांचा हॅकमोर नाकावर खाली, मऊ भागापाशी बसला तर श्वास कोंडतो. लोखंड नाही म्हणजे सौम्य, असं काही नसतं.

बिनलोखंडी
चुकीच्या जागी बांधलं तर खोगीरही लागतं. त्यात हॅकमोरचा काय दोष?

छावणी_भिया
एवढं डोकं कशाला चालवताय भिया? वरातीच्या घोडीवाल्यांकडे काटेरी लगाम मिळतो, स्वस्तात. बँड कानाशी वाजत असतो तरी घोडी हलत नाही.

पागेवाली
हलत नाही कारण हलली की जीभ फाटते. ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी १९६५ चे नियम आहेत, त्यात काटे असलेल्या लगामाला सरळ बंदी आहे. स्वारीच्या घोड्याला तरी कशाला सुचवता?

शालिहोत्री
कपाळावर भोवरा एक आहे की दोन? देवमण (शुभ भोवरा) आहे का? दोन भोवरे एकाखाली एक असतील तर कितीही बिटं बदला. फोटो टाका.

खंडवारोडकर
काका, भोवरे नाही हो, बिट विचारलंय.
बरं, माहिती हवीच असेल तर: वय ७, अंडील (खच्ची न केलेला). घेतला तेव्हा वरातीचं काम करत होता. फक्त शनिवार-रविवार फिरवतो, बाकी दिवस तबेल्यात. खायला हरभरा भरपूर, अंग भरावं म्हणून. जाताना बरा असतो, परत तबेल्याकडे वळलं की भरधाव.

पागेवाली
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! पाच दिवस बांधून हरभरा चारायचा आणि सहाव्या दिवशी त्याने शहाण्यासारखं चालायचं?

माजी_स्वार_महू
दाणा कमी करा हे खरं, पण उद्या हा हायवेवर निघाला तर दाण्याने थांबणार आहे का? पेल्हम.

दाढवाला_डॉक्टर
वरातीचा घोडा म्हणालात म्हणून विचारतो. तोंड उघडून पाहिलंय का? समोरचे दात आणि दाढा यांच्या मधली जी रिकामी जागा, बिट तिथे हिरडीवर बसतं. खाली लगेच हाड असतं. काटेरी लगामाने तिथे जुनी जखम राहते. शिवाय घोड्याच्या दाढा आयुष्यभर वर येत राहतात. वरचा जबडा रुंद, खालचा अरुंद, म्हणून वरच्या दाढांना बाहेरून आणि खालच्यांना आतून धार चढते. लगाम खेचला की गाल त्या धारेवर दाबला जातो. काही घोड्यांना वरच्या पहिल्या मोठ्या दाढेपुढे एक लहानसा दात असतो, त्यावर बिट आपटतं. दुखलं की घोडा दुखण्यापासून पळतो, थांबत नाही. महूच्या पशुवैद्यकीय कॉलेजला दाखवा.

सराफा_रात्री_१२
विषय निघालाच आहे तर, २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई खेळांत ड्रेसाजचं (घोड्याच्या शिस्तबद्ध चालींची स्पर्धा) सांघिक सुवर्ण मिळालं त्यात आपल्या इंदूरची सुदीप्ती हजेला होती. तिच्या घोड्याला कोणतं बिट होतं तेच घ्या ना.

माजी_स्वार_महू
तो संघ युरोपात राहून सराव करत होता. इथे शनिवार-रविवारचा हिशोब चाललाय.

बारगीर
होळकरांच्या फौजेत शिलेदार स्वतःचा घोडा आणायचा, बारगिराला सरकारी मिळायचा. सरकारी घोडी जास्त ओढत असणार, असा माझा आपला अंदाज.

खंडवारोडकर
सईसाला घेऊन आज तोंड बघितलं. डावीकडे खालच्या हिरडीवर हरभऱ्याएवढी कडक गाठ आहे, रंग पांढुरका. बोट लावलं की मान झटकतो. उजवीकडे लावू देतो. ओठाच्या कोपऱ्यात चीरही आहे. बिटाला मधे एकच सांधा, आणि कडीचं भोक झिजून कड धारदार झालीय.

दाढवाला_डॉक्टर
मग सध्या तोंडात काहीच नको. गाठ हाडाची आहे की मांसाची ते डॉक्टरांना बघू द्या, आणि दाढा घासायच्या तर भूल देऊनच, सईसाच्या कानशीने नाही.

माजी_स्वार_महू
गाठ असेल तर पेल्हम नको, हे मान्य. बरी झाल्यावर मात्र पेल्हमच.

पागेवाली
बरी झाल्यावर दोन सांध्यांचं, गुळगुळीत, पक्क्या कड्यांचं. फार जाडही नको, मारवाडीच्या तोंडात तेवढी जागा नसते. तोवर बिटाशिवाय रिंगणात लांब दोरीवर फिरवा, रोज. आणि ५ इंच हे माप कुठून आलं?

खंडवारोडकर
जुन्यावर लिहिलंय.

पागेवाली
जुन्यानेच तर ओठ चिरलाय! तोंडात गुळगुळीत काठी आडवी धरा, ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांशी खूण करा, दोन्हीकडे अर्धा-अर्धा सेंटीमीटर वाढवा.

खंडवारोडकर
बरं. गुरुवारी डॉक्टर येतायत, मापही तेव्हाच घेतो. गॅगची ऑर्डर काल टाकली होती, रद्द केली तर दुकानदार पैसे परत करेल का?

छावणी_भिया
करणार नाही. मला द्या, अर्ध्या किमतीत.