घाम फुटला : आधी साखर की आधी ईसीजी?

उपवनकाठ : काल संकष्टी. काकांनी (वय ७२) सकाळी ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी गोळी) घेतली, वर कडक उपास, आणि संध्याकाळी नेहमीसारखे उपवन तलावाला फेरीला. बाकावर बसले ते घामाने डबडबून, सदरा पाठीला चिकटलेला. लोकांनी ‘अटॅक, अटॅक’ करत जिभेखाली सॉर्बिट्रेट, हृदयाची गोळी, सरकवली. साखर मोजली गेली ती थेट हॉस्पिटलात : ४६! माझं मत, मधुमेह्याला दरदरून घाम फुटला की आधी साखर द्या. हृदयाचं नंतर बघा.

वाशीची लेक : साफ चूक. आईच्या वेळी आम्ही हेच केलं. छातीत कळ नाही, नुसता घाम आणि मळमळ. ‘शुगर लो झाली’ म्हणत दीड तास साखरपाणी पाजत बसलो. ईसीजीत अटॅक निघाला. जुन्या मधुमेहात नसा बोथट होतात, कळ जाणवतच नाही.

उपवनकाठ : वाईट वाटलं. पण तुम्हीही मोजली नव्हतीच ना?

वाशीची लेक : नव्हती. म्हणून ‘हृदयाचं नंतर’ हे वाक्य मला खुपतं.

रात्रपाळी सिस्टर : दोन वेगळी दुखणी असल्यासारखे भांडताय. साखर फार घसरली की अ‍ॅड्रेनालिन उसळतं, रक्तातलं पोटॅशियम उतरतं, ईसीजीवर क्यूटी, म्हणजे एका ठोक्याच्या विद्युत-चक्राचा वेळ, लांबतो. लो शुगरनेच ठोके बिघडू शकतात. साखर ७०च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीत असेल तर ३ चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. शुद्ध हरपली तर तोंडात काही घालू नका, १०८ लावा. बीटा ब्लॉकर (बीपी-हृदयाच्या काही गोळ्या) घेणाऱ्यांची थरथर, धडधड झाकली जाते, घाम तेवढा राहतो.

घोडबंदर ट्रॅफिक : २००८मध्ये अ‍ॅकॉर्ड या मधुमेहाच्या मोठ्या चाचणीत एचबीएवनसी (तीनेक महिन्यांची सरासरी साखर) ६च्या खाली आणायचा हट्ट धरलेल्या गटात मृत्यू जास्त झाले, म्हणून ते उपचार मुदतीआधी थांबवले. म्हाताऱ्यांची साखर इतकी आवळायचीच कशाला?

रात्रपाळी सिस्टर : ते मृत्यू लो शुगरमुळेच, असं सिद्ध झालेलं नाही हो. आणि हे वाचून कुणी परस्पर गोळी बंद करू नका. उपासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं, ते आधी डॉक्टरांना विचारा.

उपवनकाठ : बरं, ‘नंतर’ मागे घेतो. एकाने बोट टोचायचं, तेवढ्यात दुसऱ्याने १०८ला फोन. पण मीटर बाकावर येणार कुठून?

वाशीची लेक : आमचा कपाटात आहे. आत्ता काढून पाहिला, पट्ट्यांची तारीख मार्चमध्येच उलटलीय.