मदत हवी आहे: 'द डे ऑफ द जॅकल'सारखा चित्रपट सुचवा

मंडळी, काल रात्री फ्रेड झिनेमनचा १९७३चा 'द डे ऑफ द जॅकल' चौथ्यांदा पाहिला. त्यात एक भाडोत्री मारेकरी फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांना मारायला निघतो. खरे द गॉल १९७० साली आपल्या घरी वारले, म्हणजे मारेकरी हरणार हे आधीच ठाऊक. तरी शेवटपर्यंत छातीत धडधड! कलिंगड झाडाला टांगून तो बंदुकीचा नेम जुळवतो, तो प्रसंग डोळ्यांपुढून हलत नाही. पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. आणि मारेकऱ्याचा माग काढणारा पोलीस अधिकारी लेबेल झालेल्या मायकेल लॉन्सडेलचा तो थकलेला, शांत चेहरा!

असाच तपशिलांवर उभा असलेला चित्रपट सुचवाल का? मारधाड नको, तयारी आणि माग काढणं हवं. कोस्टा गाव्रासचा 'झी' पाहून झालाय. भाषा कुठलीही चालेल. रविवारी बाबांसोबत बघायचा आहे.