भूछत्र, अळंबी की मशरूम?

डोंगरवाट: आमच्या ट्रेकिंग ग्रुपचं पावसाळी सूचनांचं पत्रक मराठीत करतोय. रानातली मशरूम तोडून खाऊ नका, हे मी 'अळंबी खाऊ नका' असं लिहिलं तर कुडाळची मैत्रीण म्हणाली असं लिहूच नको, अळंबी म्हणजे खायचीच, न खायची ती कुत्र्याची छत्री. मग भूछत्र लिहू का?

सावंतवाडीकर: मैत्रीण बरोबर बोलतेय. भूछत्र आम्ही फक्त शाळेच्या पुस्तकात वाचलं. वारुळावर येते ती तर नुसती अळंबी पण नाही, रोवणाची अळंबी.

शब्दवेडा: रोवण हे रोवणे वरूनच आलं असणार, हलक्या हाताने उपटून बघा, देठ खाली पार वारुळात गेलेला असतो.

सावंतवाडीकर: नाही हो दादा, गोव्यात वारुळालाच रोयण म्हणतात, सातेरी देवीची पूजा त्याच रूपात होते. वाळवी आत बुरशी वाढवते आणि पावसात त्यातूनच अळंबी वर येते, म्हणून ती रोयणाची. रोवण्याचा काय संबंध?

शब्दवेडा: वारूळ तरी जमिनीत रोवलेलंच ना? माझं मत कायम.

घाटावरची: मला भूछत्रच आवडतं, स्वच्छ मराठी शब्द आहे आणि त्यात खायची न खायची दोन्ही आली. सूचनेला तेच हवं.

कांदेपोहे: ताई, ट्रेकला येणारी कॉलेजची पोरं भूछत्र वाचून थांबणार आहेत का? सरळ 'रानातली मशरूम' लिहा. आणि एक नक्की टाका, चांदीचा चमचा काळा पडला नाही म्हणजे खायला चालते हे साफ खोटं आहे, असली कुठलीच घरगुती परीक्षा भरवशाची नाही. शब्दापेक्षा हे जास्त महत्त्वाचं वाटतं मला.

घाटावरची: ते मान्यच. पण मग उद्या शेवळासारख्या रानभाजीला पण इंग्रजी नाव लिहाल.

सावंतवाडीकर: शेवळांवरून आठवलं, पत्रकात रानभाज्या असतील तर शेवळं खाजतात हे पण लिहा, काकडं (ती आंबट रानफळं) घातल्याशिवाय करू नयेत.

कांदेपोहे: ठाण्याच्या बाजारात जुडीसोबत काकडं ठेवलेलीच असतात. पण आमच्याकडे चिंचेवर पण करतात.

सावंतवाडीकर: चिंचेने ती चव नाही येत. काकडंच.

घाटावरची: काकडं इकडे साताऱ्यात कुठे मिळतील? कुणाला माहीत असेल तर सांगा ना.