व्हॅलेटा, ४ रात्री आणि एक नवा गुडघा: हॉटेल तटबंदीच्या आत घ्यावं की बाहेर?

पांचपाखाडीकर

नमस्कार मंडळी. येत्या ऑक्टोबरात लग्नाला ३५ वर्षं होतील. आजवर परदेश पाहिला तो एकाच पद्धतीने: सकाळी साडेसहाला बॅगा दाराबाहेर, मग बस, मग गाइडची छत्री, आणि जेवायला सात देशांत एकच राजमा. मागच्या सहलीत रोमला मुक्काम शहरापासून इतका लांब होता की खिडकीतून टायरचं गोडाऊन दिसायचं. ‘रोम झालं’ असं आम्हीही सगळ्यांना सांगतो, पण खरं म्हणजे ते बसच्या काचेवरून ओघळून गेलं.

म्हणून या वेळी एकच शहर, ४ रात्री, झकास हॉटेल, आणि शिट्टी वाजवायला कोणी नको. दोघांचे मिळून ६ लाख बाजूला काढलेत. (वागळे इस्टेटमध्ये ३६ वर्षं शिफ्ट केल्या, तेव्हा ‘एवढे कशाला’ हे कृपया कोणी म्हणू नका. ते म्हणायला घरात मुलगा आहे.)

शहर हिने निवडलंय: माल्टाची राजधानी व्हॅलेटा. ही शाळेत चित्रकला शिकवायची. २८ वर्षं पोरांना एकच सांगणं, ‘उजेड कुठून येतोय ते आधी बघ, मग पेन्सिल उचल.’ तिथल्या सेंट जॉन को-कॅथेड्रलमध्ये कॅराव्हाजिओ या इटालियन चित्रकाराचं १६०८ सालचं चित्र आहे, संत योहानाच्या शिरच्छेदाचं. त्याचं मासिकातलं कात्रण हिच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं मी लग्नापासून बघतोय. मी आपलं अथेन्स सुचवून पाहिलं. ‘तुम्ही जाऊन या,’ म्हणाली.

अडचण अशी की हिचा उजवा गुडघा गेल्या वर्षी बदललाय. तलावपाळीला दोन फेऱ्या आरामात मारते, पण जिना दिसला की तोंड उतरतं. आणि त्या गावाचे फोटो बघावेत तर जिथे तिथे पायऱ्या! हॉटेल कुठे घ्यावं? शिवाय अख्खं गाव जेमतेम ०.६ चौरस किलोमीटरचं, त्यात ४ रात्री करायचं काय? आम्ही दोघं शाकाहारी, अंडंसुद्धा नाही.

सीवूड्स पूर्व

काका, मी दोन वर्षांपूर्वी आईला घेऊन गेले होते, तिचे दोन्ही गुडघे कुरकुरणारे. तुमच्या पांचपाखाडीत पाखाडी नावापुरती, तिकडे मात्र कोकणातल्यासारख्या खऱ्याखुऱ्या पाखाड्या, म्हणजे पायऱ्यांच्या वाटा आहेत. पण गावाची ठेवण एकदा कळली की भीती जाते. १५६५ चा तुर्कांचा वेढा मोडून काढल्यावर नाइट लोकांनी (म्हणजे तेव्हा माल्टावर राज्य करणारा सेंट जॉनचा लढवय्या ख्रिस्ती संघ) पुढच्याच वर्षी ओसाड डोंगरसोंडेवर हे शहर आखलं, सरळ रेघोट्या मारल्यासारखं. सोंडेच्या माथ्यावरून रिपब्लिक स्ट्रीट जातो, वेशीपासून सेंट एल्मो किल्ल्यापर्यंत साधारण एक किलोमीटर. त्याला आडवे छेदणारे रस्ते दोन्हीकडे समुद्राकडे उतरतात, पायऱ्या त्यांत. तेव्हा माथा सोडायचा नाही. फक्त किल्ल्याकडचं टोक उताराचं आहे, तिथून परतताना टॅक्सी करा.

तटबंदीच्या आत जुन्या वाड्यांची छोटी, फार देखणी हॉटेलं आहेत. लाकडी बंद सज्जे, पिवळ्या दगडाच्या भिंती, सगळं खरं. पण वाडा तो वाडाच. लिफ्ट असते, आणि लिफ्टमधून उतरल्यावर खोलीच्या आधी चार पायऱ्याही असतात. बुकिंगच्या आधी मेल करून एवढंच विचारा: रस्त्यावरच्या दारापासून पलंगापर्यंत किती पायऱ्या? आकडा सांगत नसतील तर सोडून द्या.

तुमच्यासाठी मी बाहेरचं फिनिशिया सुचवेन. १९४७ सालचं मोठं हॉटेल, वेशीच्या अगदी तोंडाशी. मागे लांब बाग, तिच्या टोकाला तटाखाली पोहण्याचा तलाव आणि समोर मार्सामशेट बंदर. तिथून वास्तुशिल्पी रेन्झो पियानोने बांधलेल्या नव्या वेशीतून आत शिरलात की कॅथेड्रल सपाटीवर, रमतगमत दहा मिनिटांत. चैन म्हणून पैसे टाकायचे तर या दहा मिनिटांवर टाका. दुपारी खोलीवर येऊन पाय वर करून पडता येणं, ही आईच्या मते सगळ्या सहलीतली सर्वात श्रीमंत गोष्ट होती.

बंदरावर उतरायला अप्पर बराक्का बागेतून लिफ्ट आहे, तब्बल ५८ मीटरची. खाली जवळच फेरी लागते, ती पलीकडे तीन जुन्या गावांकडे नेते. भाऊच्या धक्क्याची सवय असलेल्यांना त्या फेरीत चढणं म्हणजे करमणूक आहे.

आता काकूंसाठी. चित्र मुख्य देवळात नाही, शेजारच्या ऑरेटरीत, म्हणजे प्रार्थनेच्या दालनात आहे. सकाळी उघडल्या उघडल्या जा. क्रूझची गर्दी सुरू झाली की तिथे खांद्याला खांदा लागतो. रविवारी पर्यटकांना बंद. जमिनीवर संगमरवरी थडगी आहेत, सुमारे ४००, म्हणून टोकदार टाचांच्या चपला चालत नाहीत. चित्र ५ मीटरहून रुंद आहे. सगळी माणसं डावीकडे गोळा झालेली, उजवी बाजू जवळजवळ रिकामी भिंत, फक्त गजांआडून बघणारे दोन कैदी. आणि योहानाच्या गळ्यातून सांडलेल्या रक्तात चित्रकाराची सही. त्याची सही असलेलं हे एकमेव चित्र. त्याच वर्षी त्याला नाइट केलं, मग मारामारीपायी कैद झाली, तो सेंट अँजेलो किल्ल्यातून पळाला, आणि डिसेंबरात त्याच्या पाठीमागे त्याला संघातून काढलं. कुठे, तर याच ऑरेटरीत, याच चित्रासमोर.

कळव्याचा, सध्या माल्टात

काका, पोटाची चिंता नको. पास्तित्सी म्हणून खारी-पॅटिससारखा प्रकार सगळीकडे मिळतो, एक वाटाण्याचा, एक रिकोटा चीजचा. मात्र पिठात चरबी घातली नाही ना, हे दर ठिकाणी विचारा, काही जण घालतात. बिजिल्ला ही कडधान्याची चटणी, आपल्या वालाच्या जवळची. फ्तीरा पावात बहुतेक वेळा टूना असतो, जपून. मोठ्या हॉटेलच्या शेफला आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर तो मनापासून करतो.

इंग्रजी इथे सरकारी भाषा आहे, गाड्या आपल्यासारख्या डावीकडून, प्लग चौकोनी तीन पिनांचा. बराक्का बागेत दुपारी १२ आणि ४ ला तोफ उडते, काकूंना आधी सांगून ठेवा. हाल साफ्लिएनीचं भुयारी स्मारक पाहायचं तर आत्ताच बुक करा, तासाला दहाच माणसं सोडतात. पण त्यातही जिने आहेत.

घोडबंदरचा वैतागलेला

एक अनुभव सांगतो. आम्ही ‘बंदर दिसणारी खोली’ म्हणून जास्तीचे पैसे भरले, हॉटेलचं नाव सांगत नाही. बंदर दिसायचं, एसीच्या दोन डब्यांच्या फटीतून. मजला, खोलीचा प्रकार, खिडकीची दिशा, सगळं लेखी घ्या.

व्हिसा शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच), फी ९० युरो, विमा किमान ३०,००० युरोचा. प्रवासाच्या ६ महिने आधीपासून अर्ज करता येतो, १५ दिवस आधी ही शेवटची हद्द. तिथवर थांबू नका. मुंबईहून विमान बदलावं लागतं, तर मधला थांबा निदान तीन तासांचा ठेवा. गुडघा घेऊन गेट गाठायला पळणं ही चैन नव्हे. ४ रात्री जास्त नाहीत. एक संध्याकाळ मनोएल थिएटरला द्या, १७३१ साली बांधलेलं आणि अजून चालू. गडकरी रंगायतनला पडदा उघडायची वाट बघणाऱ्यांना तिथली लाकडी नाट्यगृहाची ऊब आवडेल.

पांचपाखाडीकर

सर्वांचे आभार. फिनिशियाला मेल टाकली, पलंगापर्यंतच्या पायऱ्यांचा प्रश्न जसाच्या तसा. मुलाने वाचून कपाळाला हात लावला. उत्तर मात्र त्याच रात्री आलं: शून्य.

चित्र पहिल्याच सकाळी बघू म्हटलं तर ही नाही म्हणाली. पहिल्या दिवशी डोळे अजून विमानातच असतात, दुसऱ्या दिवशी जाऊ. बरं, दुसऱ्या दिवशी. तो रविवार नाही, हे मी कॅलेंडरवर दोनदा पाहिलं.

सीवूड्सताई, तुमचं सहीचं वाचून दाखवलं तेव्हा ही पोळ्या टाकून उठली. कात्रण कपाटावरून अलगद सोडवलं, भिंग आणलं, दिव्याखाली धरलं. सही दिसत नाही. इतकी वर्षं कागदाची घडी नेमकी तिथेच पडलेली.