मदत हवी आहे : आरोपी अज्ञात, पोलिसांनी ‘अ समरी’ मागितली आहे

सायली_क : मैत्रिणीसाठी विचारतेय. ऑगस्ट २०२४ मध्ये तिने स्वतः बलात्काराची फिर्याद दिली. आरोपी अनोळखी. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात तपासणी झाली, कपडे आणि स्वॅब घेतले. आता कोर्टाची नोटीस आलीय की पोलिसांनी ‘अ समरी’चा अहवाल दिला आहे, म्हणणे मांडा. म्हणजे सगळे संपले का? हरकत घ्यायची तर त्यात काय लिहायचे?

काळा_कोट : आधी एक विनंती. गाव, पोलीस ठाणे, गुन्हा नंबर इथे लिहू नका. पीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे.

संपलेले नाही. अ समरी म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी मिळत नाही. ब म्हणजे फिर्याद खोटी. अहवालाची प्रत कोर्टातून मागून घ्या आणि त्यात ‘अ’च आहे ना, हे डोळ्यांनी पाहा. तपासाचा एकही कागद ‘ब’कडे झुकत असेल तर हरकतीत पहिला मुद्दा तोच. समरी मंजूर करण्याआधी फिर्यादीला ऐकावेच लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने भगवंत सिंह प्रकरणात १९८५ मध्येच सांगितले आहे. ती घर बदलणार असेल तर नवा पत्ता आताच कोर्टात लेखी द्या. जुन्या पत्त्यावरून नोटीस परत जाते आणि समरी तिच्या माघारी मंजूर होते.

हरकत अर्जात ‘तपास नीट झाला नाही’ एवढेच लिहिले तर कोर्टाच्या हाती काही लागत नाही. कोणती गोष्ट केली नाही ते एकेक लिहा आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (ना.सु.सं.) कलम १९३(९) खाली पुढील तपासाचा आदेश मागा : घटनेच्या वेळचा टॉवर डंप (त्या भागातल्या टॉवरवर तेव्हा आलेल्या सगळ्या मोबाइलच्या नोंदी) काढला का, कोणत्या कॅमेऱ्यांचे फुटेज कोणत्या तारखेला मागितले, तिच्या वर्णनावरून रेखाचित्र केले का, तशाच पद्धतीच्या गुन्ह्यांतले आरोपी तपासले का. २०१८ पासून लैंगिक गुन्ह्यांतल्या दोषींची राष्ट्रीय यादी पोलिसांना उपलब्ध आहे, ती पाहिली का हेही विचारा. फुटेज आता बहुधा पुसले गेले असेल. मोबाइल कंपन्यांना मात्र कॉलच्या नोंदी किमान दोन वर्षे ठेवाव्या लागतात, म्हणून टॉवर डंपची मागणी सगळ्यात वर.

सायली_क : तपासी अंमलदार तोंडी म्हणाले की नमुने लॅबला पाठवलेच नाहीत, आरोपीच नाही तर जुळवणार कशाशी?

मुद्देमाल_कारकून : हे कारण चुकीचे आहे आणि ते लेखी घ्या. आरोपी नसतानाही स्वॅबमधून पुरुषाचा डीएनए प्रोफाइल काढता येतो. स्त्रीच्या पेशी जास्त असल्या तर फक्त पुरुषाच्या वाय गुणसूत्रावरचा डीएनए पाहणारी वाय-एसटीआर चाचणी वापरतात. प्रोफाइल कागदावर आला की पुढे दुसऱ्या गुन्ह्यात कोणी पकडला गेला तर ताडून पाहता येतो. मात्र हे आपोआप होत नाही. डीएनए माहितीकोशाचे विधेयक २०२३ मध्ये मागे घेतले गेले, त्यामुळे देशभर शोधता येईल अशी कायदेशीर व्यवस्था नाही. कोणीतरी लेखी मागणी करावीच लागते.

नमुना पाठवताना तुलनेसाठी तिच्या रक्ताचा संदर्भ नमुना सोबत आहे ना, आणि पाकिटावरचे सील पत्रातल्या सीलच्या ठशाशी जुळते ना, हे पाहायला सांगा. नाहीतर पाकीट परत येते. ओला स्वॅब किंवा कपडा प्लास्टिकमध्ये बंद केला असेल तर जंतू वाढून डीएनए खराब होतो. सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवायचा असतो. इतके दिवस मुद्देमाल खोलीत कसा ठेवला, त्याची नोंदही मागा.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे समरी मंजूर झाल्यावर मुद्देमाल नष्ट करण्याचा आदेश होऊ शकतो. तो गेला की पुढे आरोपी सापडूनही हाती काही उरत नाही. म्हणून हरकत फेटाळली गेली तरी ‘आरोपी मिळेपर्यंत नमुने आणि प्रोफाइल जतन करावेत’ अशी पर्यायी मागणी त्याच अर्जात ठेवा.

काळा_कोट : अगदी बरोबर, हा परिच्छेद अर्जातून कधीही वगळू नका. वकिलाचा खर्च जड असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तिथेच भरपाईचा अर्ज करा. आरोपी सापडला नाही आणि खटला चाललाच नाही, तरी ना.सु.सं. कलम ३९६(४) प्रमाणे पीडितेला भरपाई मागता येते. बलात्कार पीडितांना मदत देणाऱ्या राज्य सरकारच्या मनोधैर्य योजनेचीही चौकशी तिथेच होईल.

सायली_क : समरी मंजूर झाली आणि पाच वर्षांनी आरोपी सापडला तर?

काळा_कोट : तर तपास पुन्हा उघडतो. तीन वर्षांहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्याला मुदतीची अडचण येत नाही. तेव्हा तिचा पत्ता आणि फोन पोलीस ठाण्याला माहीत असला पाहिजे. बदल झाला की अर्ज द्या आणि पोच घ्या.