11 तास 51 मिनिटं, आणि आईचा प्रश्न

लळिंग_उतार (धुळे): गेल्या वर्षी दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स ही पळण्याची शर्यत पूर्ण केली. पीटरमॅरिट्झबर्ग ते दरबान, सुमारे 90 किमी, उताराची दिशा. मर्यादा 12 तास, मला लागले 11 तास 51 मिनिटं. उतार म्हटलं की लोक हसतात. त्यांनी लळिंग घाट पाच वेळा पळत उतरून बघावा, दुसऱ्या दिवशी जिना उलट्या पायांनी उतरावा लागतो.

गावी आईच्या हातात पदक दिलं. लहानसं आहे, मुठीत मावतं. तिनं उलटंपालटं करून पाहिलं नि विचारलं, "इतलं पयीसन काय भेटनं तुले?" मला उत्तर सुचलं नाही, म्हणून हा धागा. माझ्यापुरतं सांगतो: शेवटच्या 20 किमीत नोकरी, हप्ते, वय सगळं गळून पडलं. उरला तो माणूस मला बरा वाटला. तेवढ्यासाठी तरी हे करावं.

दोन_एकर: तो माणूस शिंदखेड्यात भेटत नव्हता का? विमान, व्हिसा, बूट यात माझ्या कपाशीचं ठिबक झालं असतं. चैत्रात आमच्या गल्लीतल्या बाया पायी वणीला निघतात, सप्तशृंगीच्या गडावर. वर ऊन, खाली तापलेलं डांबर, काही जणी तर अनवाणी. त्या परत येऊन "मला मी सापडले" असं लिहीत नाहीत. दुसऱ्या दिवशी निंदणीला जातात.

लळिंग_उतार: त्यांना देवी भेटते, दादा. मला कोण भेटलं तेच तर विचारतोय.

ओपीडी_नंतर: अर्थ मागाहून शोधा, आधी लघवीचा रंग सांगा. इतकं पळल्यावर स्नायू फुटतात, त्यातलं मायोग्लोबिन किडनीवर येतं. वर वेदनाशामक गोळी घेतली तर आणखी भर. नुसतं पाणी ढोसत राहिलात तर रक्तातलं सोडियम उतरतं, माणूस बरळतो, जीवही जातो. शरीराच्या तक्रारीला 'जिद्द' नाव देऊन गप्प करणं मला पटत नाही. तुम्हाला बरा वाटलेला तो माणूस कदाचित फक्त थकलेला होता.

निम्म्यावर: मी तीच शर्यत पळले, ड्रमंडपर्यंत. तिथली निम्म्या अंतराची वेळमर्यादा चार मिनिटांनी हुकली, बसमध्ये बसवलं. त्या बसमध्ये कोणी कोणाकडे बघत नाही. मला एकच म्हणायचंय: 12 तास 2003 पासून आहेत, त्याआधी बरीच वर्षं मर्यादा 11 तासांची होती. तेव्हा असता तर तुम्हीही माझ्या शेजारच्या सीटवर. मग तो 'बरा माणूस' खोटा ठरला असता?

घड्याळवाला: ताई, राग मानू नका, पण मर्यादा नसती तर हा धागाच नसता. ही शर्यत 1921 मध्ये पहिल्या महायुद्धात मेलेल्या सोबत्यांच्या आठवणीत सुरू झाली. पहिल्या वर्षी 34 निघाले, 16 पोहोचले. बारा तास झाले की बंदूक वाजवणारा धावपटूंकडे पाठ करून उभा असतो. मला हे फार आवडतं. आपल्याकडे सगळं 'चालतंय ना, पाच मिनिटांनी काय होतं' असतं.

दोन_एकर: पाठ करणारे आपल्याकडेही आहेत की, सरकारी खिडकीवर. फक्त ते वेळ व्हायच्या आधीच करतात.

लळिंग_उतार: ताईंचं वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही. एक गोष्ट वर टाळली होती. मी शेवटची रेषा ओलांडून आत गेल्यावर कठडा धरून मागे बघत उभा होतो. बंदूक वाजली, माणसं रेषेवर वाट अडवून उभी राहिली. एक जण सात-आठ पावलांवर होता, माझ्याच वयाचा. तो गुडघ्यांवर बसला. आणि मला आनंद झाला, की तो मी नाही. शेवटच्या 20 किमीचं जे लिहिलं ते खरं आहे, पण हेही त्याच माणसाचं. आईला काय सांगू?

दोन_एकर: हेच सांगा. ती विचारेल, "मंग त्याले पानी दिनं का कोनी?"